उभ्या मोटारीतून निसटणारी वाफ

मोटारगाडीमुळे हवा बिघडते असे म्हटले की आपली नजर आपोआप गाडीच्या मागील नळीकडे वळते. धूर तेथून निघतो, तो डोळ्यांना दिसतो आणि नाकाला झोंबतो. तेव्हा सारा दोष त्या नळीच्या पदरी टाकून आपण मोकळे होतो. आजच्या भाषणाचा विषय मात्र हा धूर नव्हे. अंगणात उभी असलेली, इंजिन थंड पडलेली, किल्ली मालकाच्या खिशात असलेली गाडीही दिवसभर हवेत काहीतरी सोडत असते. ही वाफ दिसत नाही, आणि बहुधा तिचा वासही कोणी मनावर घेत नाही. ती हवेस अपायकारक आहे हे जगाला कसे उमगले आणि तिचा माग काढण्याची विद्या कशी घडत गेली, ही हकीकत मोठी मनोरंजक आहे. तिचा आरंभ अमेरिकेतील लॉस एंजल्स शहरात झाला.

१९४३ सालच्या जुलै महिन्याच्या २६ तारखेस त्या शहरावर एक दाट पटल उतरले. लोकांचे डोळे चुरचुरू लागले, घसे धरले, आणि दोन-तीन चौकांपलीकडचे दिसेनासे झाले. दिवस महायुद्धाचे होते. जपानने विषारी वायू सोडला असावा, अशी शंका कित्येकांस आली. ती शंका फिटली तेव्हा संशयाचा रोख वळला तो शहरातील ॲलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्याकडे. तेथे कृत्रिम रबरासाठी लागणारे ब्युटाडाइन हे द्रव्य तयार होत असे. लोकांच्या आग्रहाखातर तो कारखाना काही काळ बंद ठेवण्यात आला. पण पटल काही हटेना. एका आरोपीस कोठडीत टाकावे आणि चोऱ्या तशाच चालू राहाव्यात, तसाच हा प्रकार झाला.

लॉस एंजल्सचे हे धुके लंडनच्या धुक्याहून अगदी निराळे होते. लंडनमध्ये १९५२ सालच्या डिसेंबरात जे प्राणघातक धुके पसरले, ते दगडी कोळशाच्या धुराचे आणि गंधकी वायूंचे होते. थंडीत, ओलसर हवेत ते साठले. लॉस एंजल्सचे धुके भर उन्हाळ्यात, लख्ख उन्हात, दुपारी अधिक जाचत असे. तेथे कोळसा फारसा जळतच नव्हता. मग हे आले कोठून?

या कोड्याची उकल ज्यांनी केली ते आरी यान हागेन-स्मिट हे मूळचे हॉलंडचे. त्यांचा जन्म १९०० साली उत्रेख्त येथे झाला. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ते प्राध्यापक होते, आणि त्यांचा व्यासंग होता वनस्पतींतील सुगंधी व स्वादयुक्त द्रव्यांचा. अननसाला अननसाचा स्वाद कशाने येतो, हे शोधण्यासाठी त्याची वाफ अतिथंड नळ्यांतून खेचून तिचे थेंब गोळा करावयाचे, ही त्यांची पद्धत. त्याच नळ्यांतून त्यांनी शहराची हवा खेचली. हजारो घनफूट हवेतून हाती आले ते थोडेसे तपकिरी, उग्र दर्पाचे द्रव्य. त्याच्या पृथक्करणात त्यांना अर्धवट ऑक्सिडीकरण झालेले हायड्रोकार्बन आढळले, म्हणजे एका अर्थी पेट्रोलचेच विटलेले रूप. पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाश पडला की ओझोन व तत्सम दाहक पदार्थ निर्माण होतात, हा सिद्धांत १९५० ते १९५२ या काळात त्यांनी मांडला. त्या भागातील पालेभाज्यांच्या पानांवर पूर्वी चमत्कारिक रुपेरी डाग पडू लागले होते. पेट्रोलची वाफ व ओझोन एकत्र सोडून तेच डाग प्रयोगशाळेतील रोपांवर उमटविता आले. ओझोन मोजण्यासाठी त्यांनी रबराच्या वाकविलेल्या पट्ट्या वापरल्या, कारण ओझोन रबरास भेगा पाडतो. रबराच्या कारखान्यावर आळ आला होता, आणि खऱ्या अपराध्याविरुद्ध साक्ष दिली तीही रबरानेच!

हा सिद्धांत सुखासुखी मान्य झाला नाही. तेलकंपन्यांच्या खर्चाने संशोधन करणाऱ्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटने त्यावर शंका उपस्थित केल्या. हागेन-स्मिट यांनी मग अननस बाजूला ठेवला आणि पुढील सारे आयुष्य या एका वादास वाहिले. १९६७ साली कॅलिफोर्नियात हवेच्या देखरेखीसाठी जे मंडळ कायद्याने स्थापन झाले, त्याचे ते पहिले अध्यक्ष. १९७३ साली त्यांना त्या पदावरून दूर करण्यात आले, आणि १९७७ साली ते निवर्तले.

आता मोटारीकडे वळू. कोणतीही बंधने नसलेल्या जुन्या गाडीतून जितके हायड्रोकार्बन बाहेर पडत, त्यांपैकी सुमारे साठ टक्के मागील नळीतून, सुमारे वीस टक्के इंजिनाच्या पोटातून, आणि राहिलेले सुमारे वीस टक्के निव्वळ बाष्पीभवनाने टाकी व कार्ब्युरेटर यांमधून जात, असा ठोकळ हिशेब त्या काळी मांडला जात असे. पेट्रोल हा एकजिनसी पदार्थ नाही. त्यात ब्युटेन, पेंटेन असे अतिशय हलके घटक असतात, आणि ते थोड्याशा उष्णतेने उडू पाहतात. सकाळी ऊन चढले की टाकी तापते, आतील वाफ फुगते आणि बाहेर पडते. रात्री टाकी थंडावते, आतील वाफ आकसते आणि बाहेरची हवा आत शिरते. टाकी दिवसा उच्छ्वास टाकते आणि रात्री श्वास घेते म्हणा ना! जुन्या गाड्यांच्या टाकीच्या झाकणाला मुद्दाम बारीक वाट ठेवलेली असे. ती नसती तर पेट्रोल खेचले जाताना टाकीत पोकळी होऊन गाडी बंद पडली असती. कार्ब्युरेटरची गोष्ट याहून बिकट. गाडी धावून थांबली की पंखा व वारा बंद होतात. इंजिनाची धग वर चढते आणि कार्ब्युरेटरच्या वाटीतील पेट्रोल तापून वाफेच्या रूपाने उडून जाते. ज्यांनी ॲम्बॅसडर किंवा पद्मिनी बाळगली आहे, त्यांना बंद गॅरेजात येणारा तो पेट्रोलचा दर्प आठवेल. तो वास म्हणजे गाठीच्या पैशांचेच बाष्पीभवन होते.

इंजिनाच्या पोटातील वायू पुन्हा इंजिनात वळविण्याची योजना कॅलिफोर्नियात १९६१ च्या गाड्यांपासून आली, नळीच्या धुरावर तेथे १९६६ पासून बंधन आले, आणि बाष्पीभवनाचा क्रम त्यानंतर लागला. कॅलिफोर्नियात १९७० च्या आणि सर्व अमेरिकेत १९७१ च्या गाड्यांपासून टाकीस बाहेर श्वास टाकण्याची मुभा राहिली नाही. यावर काढलेला उपाय इतका साधा आहे की त्याचे कौतुक वाटते. क्रियाशील कोळशाने भरलेली एक डबी गाडीत बसवावयाची. लाकडापासून वा नारळाच्या करवंटीपासून केलेल्या या कोळशाच्या एका ग्रॅमच्या पोटात शेकडो चौरस मीटरचा पृष्ठभाग दडलेला असतो, आणि पेट्रोलची वाफ त्यावर चिकटून राहते. गाडी उभी असताना टाकीची वाफ या डबीत जाते. इंजिन सुरू झाले की एक झडप उघडते आणि इंजिनाची ओढ बाहेरची ताजी हवा कोळशातून खेचून घेते. त्या हवेबरोबर वाफ इंजिनात जाऊन जळते, आणि डबी पुन्हा रिकामी होते. जे उडून जात होते, तेच कामी आले. प्रदूषण टाळण्याच्या इतर बहुतेक उपायांत पदरचे काही खर्चावे लागते. येथे थोडेसे पदरात पडते.

योजना चांगली; पण ती नीट चालते की नाही, हे पाहावयाचे कसे? आरंभीच्या कसोटीत एक मोठी फट होती. वाफ जेथून बाहेर पडते असे ठाऊक होते, त्या तोंडांना कोळशाच्या लहान डब्या जोडावयाच्या आणि त्यांचे वजन किती वाढले ते पाहावयाचे, अशी ती रीत. म्हणजे चोर ज्या दारांनी येईल असे आपण धरून चालतो, तेवढ्याच दारांवर पहारा! एखाद्या सांध्यातून अथवा रबरी नळीच्या भेगेतून निसटणारी वाफ या हिशेबात येतच नसे. म्हणून अमेरिकेत १९७८ च्या गाड्यांपासून ती रीत सोडून सबंध गाडीच एका हवाबंद खोलीत बंद करण्याची पद्धत आली. टाकीतील पेट्रोल तासाभरात सावकाश तापवावयाचे. पुढे गाडी चालवून गरम इंजिनासह तासभर कोंडून ठेवावयाची. आणि खोलीच्या हवेत हायड्रोकार्बन किती वाढले ते मोजावयाचे. वाफ कोठूनही निघो, ती खोलीतच सापडणार. मर्यादा प्रथम सहा ग्रॅमची होती, ती १९८१ पासून दोन ग्रॅम झाली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील खरी कलाटणी हीच. कोठे गळते ते ठाऊक नाही हे मान्य करून मोजमाप करावयाचे, ही दृष्टी तेव्हापासून आली.

तथापि खोलीतील परीक्षा नव्या गाडीची होते. गाडी रस्त्यावर पाच-दहा वर्षे धावली, रबर कडक झाले, धातूची नळी गंजली, झाकणाचे चाक झिजले, म्हणजे काय? नळीतून काळा धूर निघाला तर शेजारी सांगतो. वाफेच्या गळतीने गाडीच्या चालण्यात मात्र तिळमात्र फरक पडत नाही. मालकास कळण्याचे कारणच नाही. तेव्हा गाडीनेच आपले छिद्र शोधावे आणि मालकास सांगावे, असा आग्रह कॅलिफोर्नियाच्या मंडळाने धरला. त्या नियमांची दुसरी पिढी १९८९ साली मंजूर झाली, १९९४ पासून टप्प्याटप्प्याने गाड्यांत उतरली, आणि १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना लागू झाली. सुमारे एक मिलिमीटर व्यासाच्या छिद्राएवढी गळती गाडीच्या संगणकास ओळखता आली पाहिजे, असे प्रथम ठरले. २००० सालापासून कॅलिफोर्नियाने ती मर्यादा अर्ध्या मिलिमीटरवर आणली. शिवणाच्या सुईचे टोक टोचून पडावे, एवढेसे ते छिद्र! टाकी, डबी, झाकण आणि दहा-बारा फूट नळ्या यांत एवढेसे छिद्र कोठेतरी आहे किंवा नाही, हे गाडीने चालता चालता ओळखावयाचे.

ही ओळख पटविण्याची एक रीत अशी. डबीतून इंजिनाकडे जाणारी झडप एरवी बंद असते, आणि डबीतून बाहेरच्या हवेकडे जाणारी झडप एरवी उघडी असते. परीक्षेच्या वेळी संगणक बाहेरची झडप मिटतो आणि इंजिनाकडची उघडतो. इंजिनाच्या ओढीने टाकीत किंचित पोकळी निर्माण होते. ती पाण्याच्या काही इंच उंचीच्या स्तंभाइतकीच असते, म्हणजे सरबताची नळी ओढावी त्याहून फारशी अधिक नाही. मग दुसरी झडपही मिटावयाची आणि टाकीवरील दाबमापकाकडे लक्ष ठेवावयाचे. पोकळी टिकली तर सारे आलबेल. हळूहळू भरून आली तर बारीक छिद्र. पोकळी मुळीच झाली नाही तर मोठी वाट उघडी आहे, अथवा झडपांपैकी एक आपले काम करीत नाही.

हे ऐकावयास सोपे वाटते. पण त्यात एक मेख आहे. पोकळी केवळ छिद्रातून येणाऱ्या हवेनेच भरते असे नाही. आतील पेट्रोलच वाफ होऊन ती भरून काढते. उन्हात तापलेल्या, हलक्या घटकांनी भरलेल्या पेट्रोलची टाकी छिद्राशिवायही गळकी भासेल, आणि निर्दोष गाडी दोषी ठरेल. म्हणून संगणक ही परीक्षा गाडी थंड असताना, बाहेरचे तापमान मध्यम असताना आणि टाकी अगदी रिकामी वा अगदी भरलेली नसतानाच घेतो. शिवाय एकदा दोष दिसला म्हणून तो दिवा लावीत नाही. पुढल्या फेरीतही तोच दोष दिसला तरच पिवळा दिवा पेटतो. दिवा विझण्यासही असाच वेळ लागतो.

दुसरी एक रीत मला अधिक आवडते. गाडी थांबली, मालक घरात गेला, इंजिन बंद झाले, की संगणक टाकीची सारी दारे मिटून स्वस्थ बसतो. पेट्रोल हळूहळू थंडावते, वाफ आकसते, आणि टाकीत आपोआप पोकळी होते. ती झाली तर टाकी अभंग आहे. जो श्वासोच्छ्वास १९४० च्या दशकात शहरावर धुके आणीत होता, त्याचाच येथे साक्षीदार केला आहे. इंजिन नको, पंप नको. निसर्गाने थंडावणे पुरे.

मात्र गाडीचा संगणक छिद्र आहे एवढेच सांगतो. ते कोठे आहे हे सांगत नाही. संकेतांची एक यादी ठरलेली आहे. पी ०४४२ म्हणजे लहान गळती, पी ०४५५ म्हणजे मोठी, पी ०४५६ म्हणजे अतिसूक्ष्म. पुढचे काम मिस्त्रीचे. आरंभीच्या काळात कित्येक मिस्त्री अंदाजाने आधी झाकण, मग झडप, मग डबी असे एकेक नग बदलीत, आणि मालक एकेक बिल चुकते करी. ज्या राज्यांत गाडीची धूरतपासणी सक्तीची आहे, तेथे हा दिवा पेटलेला असला की गाडी नापास होते, मग ती रस्त्यावर सुरळीत धावत का असेना. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाच्या जुन्या गाडीला हे अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र फार महाग पडते. शहराच्या हवेचा लाभ सर्वांना, आणि भुर्दंड ज्याची गाडी जुनी त्याला, अशी ही वाटणी मला न्याय्य वाटत नाही. परंतु म्हणून छिद्र शोधूच नये, असेही म्हणवत नाही.

या अडचणीतून मार्ग काढला तो धुराने. स्मोक मशीन म्हणून ओळखले जाणारे एक यंत्र खनिज तेल तापवून त्याचा दाट पांढरा धूर करते आणि अतिशय कमी दाबाने, चौरस इंचास अर्ध्या पौंडाच्या आसपास, तो टाकीच्या नळ्यांत सोडते. झडप मिटली की धुरास बाहेर पडण्यास छिद्राखेरीज वाट राहत नाही. तेथून धुराची एक बारीक रेघ वर येते. मिस्त्री हाती दिवा घेऊन गाडीभोवती फिरतो आणि ती रेघ शोधतो. धूर वाहून नेण्यासाठी साधी हवा वापरण्याऐवजी नायट्रोजन वापरणे श्रेयस्कर, कारण पेट्रोलच्या वाफेत हवा मिसळली की मिश्रण स्फोटक होऊ शकते. ज्या धुराच्या भयाने हा सारा व्याप सुरू झाला, त्यालाच शेवटी दिवटी धरून पुढे चालावे लागले.

पुष्कळदा हा सारा शोध झाकणापाशीच संपतो. पेट्रोल भरल्यावर झाकण टकटक आवाज येईपर्यंत फिरविले नाही, अथवा त्याचे रबरी कडे चिरले, की गाडी मोठी गळती असल्याची वर्दी देते. ज्यांची मुले वा नातवंडे अमेरिकेत आहेत, त्यांनी तेथील गाडीतील पिवळ्या दिव्याचे रडगाणे दूरध्वनीवर ऐकले असेल. त्यांना प्रथम झाकण पाहण्यास सांगावे. दुसरी खोड आपल्याकडेही आहे. पंपाची नळी एकदा आपोआप थांबली तरी आणखी शे-दोनशे रुपयांचे पेट्रोल कोंबून आकडा वाटोळा करावयाचा. असे वरचेवर केले तर द्रवरूप पेट्रोल कोळशाच्या डबीत शिरते आणि कोळसा निकामी होतो. पेट्रोल भरताच गाडी सुरू होण्यास कुरकुर करू लागली तर इंजिनाकडची झडप उघडी अडकली असण्याचा संभव असतो. आणि पेट्रोल भरताना नळी सारखी थांबू लागली तर बाहेरच्या हवेची वाट तुंबलेली असण्याचा.

ती वाट तुंबण्याची एक विलक्षण घटना २०११ साली घडली. माझदा कंपनीने आपल्या माझदा-६ जातीच्या सुमारे ६५ हजार गाड्या परत तपासणीस बोलाविल्या. कारण होते एक पिवळसर कोळी. या कोळ्यास पेट्रोलच्या वासाचे आकर्षण असल्याचे म्हणतात. तो डबीच्या हवेच्या नळीत शिरून जाळे विणी. वाट बंद होई, आणि डबी रिकामी करताना टाकीवर इतका ताण येई की तिला तडा जाण्याचा धोका उत्पन्न होई. वाटेत एक स्प्रिंग बसवून कोळ्यास मज्जाव करण्यात आला. तरीही २०१४ साली आणखी सुमारे ४२ हजार गाड्या याच कारणासाठी बोलवाव्या लागल्या. अर्ध्या मिलिमीटरचे छिद्र ओळखणाऱ्या यंत्रणेच्या आखणीत या अष्टपादाचा विचार कोणी केलेला नव्हता.

आपल्या देशातील नियम भारत स्टेज या नावाने युरोपीय नमुन्यावर बेतले गेले, आणि सहाव्या टप्प्याचे नियम २०२० सालच्या १ एप्रिलपासून देशभर लागू झाले. हवाबंद खोलीतील परीक्षा आपल्याकडेही आहे. १९६६ साली पुण्यात स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनसारख्या संस्थांत अशा परीक्षा होतात. मात्र रस्त्यावरच्या गाडीने स्वतःचे छिद्र शोधून दाखवावे, हा अमेरिकेचा आग्रह युरोपीय नमुन्यात नव्हता. त्यामुळे आपल्याकडील पुष्कळ गाड्यांत कोळशाची डबी आहे, पण तिच्या नळीला भेग पडली तर तसे सांगणारा दिवा नाही. मिस्त्रीच्या नाकावरच अवलंबून राहावयाचे.

अलीकडे विजेवर व पेट्रोलवर अशा दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या आल्या, आणि या जुन्या प्रश्नाने नवे रूप घेतले. घरच्या विजेवर भारित होणाऱ्या अशा गाडीचे इंजिन कित्येक दिवस सुरूच होत नाही. इंजिन नाही तर ओढ नाही, ओढ नाही तर कोळशाची डबी रिकामी होणार कशी? म्हणून अशा काही गाड्यांत टाकीच दाब सोसणारी आणि पूर्णपणे बंद केली आहे. तिच्यात कोंडलेली वाफ कित्येक दिवस तशीच राहते, आणि छिद्र शोधण्यासाठी इंजिनाच्या ओढीऐवजी एक लहानसा विद्युत्‌पंप ठेवावा लागतो. पेट्रोल भरावयाचे झाले म्हणजे चालकाने आधी एक कळ दाबावयाची, टाकीतील दाब डबीत उतरेपर्यंत काही सेकंद थांबावयाचे, आणि त्यानंतरच गाडी आपल्या टाकीचे दार उघडू देते.